शिवार किती बिबटे पोसतं?

आमच्याकडे चार माणसं एकत्र बसली की हल्ली एकच प्रश्न निघतो. बिबटे झालेत तरी किती? पारावर, दूध डेअरीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. कुणी शेकड्यात आकडा सांगतं, कुणी हजारात. आकडा ऐकून झाला की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: मग हे कमी कधी करणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी रागावू शकत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वन विभागात येतात आणि या चारही तालुक्यांतल्या वस्त्यांवर संध्याकाळी सहानंतर पोरं अंगणात दिसत नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यातली दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, सरकारनं नेमबाज आणले, एक बिबट्या मारला गेला. ज्या आईनं लेकरू गमावलं तिच्यासमोर उभं राहून परिसंस्थेवर भाषण देण्याची हिंमत माझ्यात नाही. कुणात असू नये.

तरीही मी हा लेख लिहितो आहे. मी शेतकऱ्याच्या घरातला, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. ‘समष्टी’ हा धडा दरवर्षी फळ्यावर काढतो. एका जातीच्या प्राण्यांची एका भागातली एकूण संख्या म्हणजे समष्टी, ती कशानं वाढते, कशानं थांबते, दोन जातींमध्ये कोणकोणती नाती असतात, हे सगळं मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि घरी जाऊन विचारतात की बिबटे जंगलात का सोडून येत नाहीत. त्या धड्यात आमच्या शिवाराचं उत्तर आहे. ते आम्ही वर्गाबाहेर आणलं नाही, ही शिक्षक म्हणून मला टोचणारी गोष्ट आहे.

व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १८३८ साली एक साधी गोष्ट गणितात मांडली. कोणतीही समष्टी सुरुवातीला भराभर वाढते, पण ती जसजशी वाढते तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा घास आणि जागा कमी होत जाते. वाढीचा वेग मंदावतो आणि शेवटी संख्या एका पातळीच्या आसपास टिकते. त्या पातळीला धारणक्षमता म्हणतात. आपल्याकडे हे सांगायला गणित लागत नाही. ‘या माळावर वीसच मेंढरं जगतील’ असं धनगर माळ बघून सांगतो, तेव्हा तो धारणक्षमताच सांगत असतो. आणि तो मेंढरं बघून सांगत नाही, माळ बघून सांगतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. किती जनावरं राहतील हे जमीन ठरवते.

मर्यादा मोडली तर काय होतं याचं फार बोलकं उदाहरण बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटाचं आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं १९४४ साली तिथे २९ रेनडिअर सोडले. बेटावर त्यांना खाणारं कुणी नव्हतं आणि दगडफुलासारख्या लायकेनचा गालिचा पसरलेला होता. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले. त्यांनी लायकेन मुळापासून खाऊन संपवलं आणि त्याच हिवाळ्यात बहुतेक सगळे उपासमारीनं मेले. १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. बिबट्याचं तसं होत नाही, कारण तो कळपानं राहत नाही. प्रत्येक बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो, दुसरा आला की झुंज होते, आणि जागा नसेल तर वयात आलेलं पिल्लू दूर निघून जातं किंवा मरतं. त्यामुळे त्याची संख्या उपासमारीच्या आधीच, जागेच्या भांडणात थांबते. पण इलाखा केवढा हवा हे पुन्हा अन्नावर ठरतं. अन्न विरळ असेल तर इलाखा मोठा, अन्न दाट असेल तर छोटा.

आता आमचं शिवार बघा.

माझ्या आजोबांच्या काळी आमच्या पूर्वेच्या पट्ट्यात बाजरी, हुलगा, मटकी व्हायची. पावसाळ्यात चार महिने हिरवळ, दिवाळीनंतर उघडं रान. सशाला लपायला जागा नव्हती, बिबट्याला कुठली असणार? तो होता, पण पश्चिमेच्या डोंगरात, घाटमाथ्याच्या झाडीत. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी पाच धरणं टप्प्याटप्प्यानं झाली, कालवे-चाऱ्या निघाल्या आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. या पाण्यानं आमची घरं उभी राहिली, माझं शिक्षण त्याच पाण्यावर झालं, तेव्हा मी उसाला दोष देणार नाही. पण उसानं जमिनीचं काय केलं हे समजून घ्यायला हवं. लागणीच्या हंगामाप्रमाणे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, ‘सुरू’ हंगामातला बारा, शिवाय खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणारा ऊस. एका गावात या सगळ्या लागणी एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवर उभ्या असतात. एक फड तुटला तर शेजारचा डोक्याएवढा झालेला असतो. म्हणजे बाराही महिने कुठे ना कुठे दाट, थंड, माणूस फिरकत नाही असं रान उपलब्ध असतं, आणि ते ओलिताचं असल्यानं पाणी हाताशी.

एखाद्या जातीला दहा गोष्टी लागत असतील तर त्यातली सर्वांत अपुरी गोष्ट तिची वाढ अडवते, असं या शास्त्रात मानतात. तिला मर्यादक घटक म्हणतात. कोरडवाहू शिवारात बिबट्याला अडवणारा घटक आडोसा होता. उसानं तो काढून टाकला. मग प्रश्न उरतो अन्नाचा. उसाच्या रानात हरणं नाहीत, सांबर नाही, डोंगरातली भेकरं नाहीत. तरी बिबट्या जगतो कशावर?

याचं उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यातून आलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतीच्या भागात कॅमेरे लावून मोजणी केली. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहतात असा हा भाग, अभयारण्य नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळजवळ तेवढेच तरसही. त्याच भागातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचा आहार काढला गेला. पोटात गेलेल्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव किंवा वस्तीतल्या प्राण्यांचं होतं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट संख्येनं होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री आत बांधलेली असते, कुत्रं मोकळं.

म्हणजे आमच्या शिवारातला बिबट्या मुख्यतः कुत्र्यांवर उभा आहे. मग कुत्री कशावर उभी आहेत? पोल्ट्रीच्या मागे फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानामागचा घाण खड्डा, हॉटेल-ढाब्याचं उष्टं, पाणंदीच्या कडेला ओढून टाकलेली मेलेली म्हैस. पूर्वी अशी म्हैस टाकली की तासा-दोन तासांत गिधाडं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी सांगाडा उरायचा. मी लहानपणी आमच्या ओढ्यात ते पाहिलं आहे. मग जनावरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक देणं सुरू झालं. ते औषध दिलेल्या जनावराचं मढं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. गिधाडांच्या पंगतीत कुत्री बसली. एका औषधाची बाटली, मेलेली म्हैस, न उतरलेलं गिधाड, पोसलेलं कुत्रं आणि उसात व्यालेली बिबट्याची मादी ही एकच साखळी आहे. या साखळीची शेवटची कडी तेवढी आपल्याला दिसते, कारण तिला दात आहेत.

वर्गात आम्ही जातींमधली नाती शिकवतो. भक्ष्य-भक्षक, स्पर्धा, परजीविता, दोघांचाही फायदा असलेली सहोपकारिता, आणि सहभोजिता, म्हणजे ज्यात एकाचा फायदा होतो आणि दुसऱ्याचं बरं-वाईट काहीच होत नाही. मुलांना विचारलं की माणूस आणि बिबट्याचं नातं कोणतं, तर सगळी एका सुरात ‘भक्ष्य-भक्षक’ म्हणतात. मला ते पटत नाही. बिबट्या माणसावर जगत असता तर या चार तालुक्यांत रोज माणसं गेली असती. चिमणी, घूस, घरातली मांजर आपल्या आसऱ्यानं, आपल्या सांडलवंडीवर जगतात. बिबट्याचं आपल्याशी नातं तसं, सहभोजितेचं अधिक आहे. बहुतेक रात्री तो वस्तीमागून जातो आणि आपल्याला सकाळी फक्त पावलं दिसतात. फरक इतकाच आणि तो फार मोठा आहे, की घुशीशी गाठ पडली तर धान्य जातं आणि बिबट्याशी पडली तर जीव जातो.

शहरातली पुष्कळ माणसं मोठ्या कळकळीनं एक वाक्य म्हणतात: ‘आपण त्यांच्या घरात घुसलो.’ ठाण्याच्या येऊरबद्दल ते खरं असेल. आमच्याकडे ते लागू पडत नाही. आमची शेतं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथं बिबट्या नंतर आला, आम्हीच आणलेल्या पाण्यामागून आला. शेतकऱ्याला घुसखोर म्हणून त्याचं ऐकणं बंद करायचं हे अन्यायाचं आहे. आणि याच्या उलट बाजूला असलेली ‘जंगलातून आलेत, जंगलात नेऊन सोडा’ ही मागणीही वस्तुस्थितीला धरून नाही. आजचा बिबट्या उसात जन्मलेला आहे. त्याची आई उसात जन्मली होती. ऊसतोडीत पिल्लं सापडतात ती काही डोंगरातून चालत आलेली नसतात. या बिबट्याला परत जायला जंगल नावाचं घर कधी नव्हतंच.

नेऊन सोडण्याचा प्रयोग आमच्याकडेच झालेला आहे. २००१ पासून सुमारे तीन वर्षं जुन्नर भागात पिंजरे लावून शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि दूरच्या जंगलांत सोडले गेले. काही याच भागाच्या जवळपासच्या जंगलांतही सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, या काळात ते सतराच्या आसपास गेले आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. हे आकडे २०११ साली शोधनिबंधातून समोर आले आणि त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्यांत सरसकट पकडून हलवण्याला विरोध आहे. मुंबईतही १९९० च्या दशकापासून बाहेरून पकडलेले बिबटे राष्ट्रीय उद्यानात सोडले जात होते आणि २००४ साली तिथल्या हल्ल्यांनी कळस गाठला.

असं का व्हावं? इलाखा असलेल्या प्राण्याची जागा रिकामी केली की ती रिकामी राहत नाही. अन्न आणि आडोसा जागेवरच असतो, तेव्हा आसपासचे तरुण बिबटे त्या जागेसाठी येतात. पूर्वीचा जुना नर वस्ती ओळखत होता, कुणाचा कुत्रा कुठे बसतो, माणसं कधी उठतात, कुठून निघून जायचं, हे त्याला ठाऊक होतं. नवे दोन तरुण येतात त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. जो दूर नेऊन सोडला तोही अनोळखी मुलखात, पिंजऱ्याच्या धक्क्यानं बावरलेला, माणसांच्या वस्तीत घुसत निघतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटलं. तो महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला दुखावलं नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन वर्षांनी तो घोडबंदरजवळ गाडीखाली मेला.

आता नसबंदीची चर्चा आहे. ती पिंजऱ्यापेक्षा बरी कल्पना आहे हे मी मान्य करतो, आणि का बरी आहे तेही सांगतो: नसबंदी केलेली मादी आपला इलाखा धरून राहते, जागा रिकामी होत नाही. पण तिच्याकडून जे मागितलं जातं आहे ते ती देऊ शकणार नाही. बिबट्या दहा-बारा वर्षं जगतो. आज एखाद्या मादीची नसबंदी केली तर पुढची पिल्लं थांबतात, पण ती स्वतः आणि तिची वाढलेली पिल्लं शिवारातच असतात. पुढच्या हंगामातल्या हल्ल्यांवर याचा परिणाम होणार नाही. आणि मूठभर माद्यांची नसबंदी केल्यानं काहीच हलत नाही, कारण समष्टीचा एक गुण आहे: संख्या घटली की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त अन्न येतं आणि त्यांची जास्त पिल्लं जगतात. बहुसंख्य माद्या सापडायला हव्यात, तेही डोक्याएवढ्या उसात, आणि नगर-नाशिककडून नव्या येऊ नयेत. या चार तालुक्यांना भिंत नाही. प्रयोग म्हणून करावा, नीट नोंदी ठेवून करावा. पण ‘नसबंदी होणार आहे’ हे वाक्य उच्चारून बाकीची कामं पुढं ढकलली जात असतील तर ते घातक आहे.

जंगलात शेळ्या सोडाव्यात म्हणजे बिबटे तिकडेच राहतील, अशीही एक सूचना २०२५ च्या अखेरीस राज्यात जाहीरपणे मांडली गेली. या सूचनेमागं काहीतरी करण्याची धडपड आहे हे मला दिसतं. पण धारणक्षमतेचा अर्थ समजला तर ती लगेच गळून पडते. जिथे अन्न वाढवाल तिथे बिबटे वाढतील. उसातला बिबट्या उसातच राहील, डोंगरात शेळ्यांवर आणखी बिबटे जगतील, आणि त्यांची वाढलेली पिल्लं जागा शोधत खाली शिवारातच उतरतील. शिवाय शेळ्यांचे रोग भेकर-सांबरांना लागले तर डोंगरातलं खरं भक्ष्यही जाईल.

म्हणून माझं म्हणणं असं. बिबट्यांची संख्या थेट कमी करण्यामागं लागून आपण वर्षं घालवली. संख्या ज्यावर उभी आहे ते अन्न कमी करणं आणि बिबट्या-माणसाची गाठ पडण्याच्या वेळा कमी करणं, ही दोन कामं आपल्या हातात आहेत आणि ती आपण केलेली नाहीत. मुंबईचा अनुभव इथं उपयोगी पडतो. २०११ पासून तिथे वन विभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून बाहेरचे बिबटे आणून सोडणं थांबवणं, कचरा, उजेड, शौचालयं, मुलांना संध्याकाळी एकटं न सोडणं यावर काम केलं. हल्ले फार घटले. बिबटे घटले नव्हते. कॅमेऱ्यांनी २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ मोजले होते. २०२१-२२ मध्ये आरे भागात पुन्हा हल्ले झाले, तेव्हा हे काम एकदा करून संपत नाही हेही दिसलं. पण हल्ल्यांची संख्या आणि बिबट्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

अन्नाचं काम कुठून सुरू करायचं यात क्रम महत्त्वाचा आहे. उद्या सगळी कुत्री उचलली तर बिबट्या परवा कुठे जाईल? गोठ्याकडे, आणि गोठ्याच्या अंगणात खेळणाऱ्या पोराकडे. म्हणून आधी गोठे बंदिस्त व्हायला हवेत. चारी बाजूंनी जाळी, वर छत, आत दिवा. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत त्या बाईला हा खर्च झेपत नाही, आणि तिच्याच शेळ्या आधी जातात. माणूस गेला तर राज्य सरकार २५ लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण त्या रकमेत किती वस्त्यांचे गोठे बंदिस्त झाले असते याचा हिशेब मांडला की जीव कळवळतो. गोठे झाले की मग मढी आणि कोंबड्यांचा कचरा. पोल्ट्रीवाल्यांनी खोल खड्डा करून पुरायचं, ग्रामपंचायतीनं मेलेलं जनावर उचलायची सोय करायची, मटणाच्या दुकानांना परवाना देताना घाणीची अट घालायची. कुत्री यामुळे हळूहळू घटतील, कारण त्यांनाही हाच नियम लागू आहे. सोबत त्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस. अन्न सावकाश घटलं तर बिबट्यांचे इलाखे सावकाश मोठे होतील, कमी पिल्लं जगतील. याला दहा वर्षं लागतील. मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही.

तेवढी वर्षं माणसांनी मरायचं का? नाही. तिथे दुसरं काम येतं, गाठ पडण्याचं.

आमच्याकडे शेतीच्या पंपांना आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची लाइट असते. थ्री फेज आली की रात्री दोन वाजता उठून, बॅटरी घेऊन, माणूस उसात दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जातो. वाकलेला, एकटा, चिखलात बिनआवाजाचा. बिबट्याला वाकलेला माणूस चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, म्हणूनच बसलेल्या, वाकलेल्या बाया आणि लहान मुलं जास्त बळी पडतात. माझे वडील सत्तरीचे आहेत. ते रात्री रानात गेले की आई ओट्यावर जागी बसते, आणि दर अर्ध्या तासानं फोन करते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. बिबट्यांच्या पट्ट्यातले फिडर, म्हणजे वीजवाहिन्या, या योजनेत सर्वांत आधी घ्यावेत ही मागणी आमच्या आमदार-खासदारांनी पिंजऱ्यांपेक्षा मोठ्यानं मांडायला हवी. एका पिंजऱ्यानं एक बिबट्या जातो आणि त्याची जागा भरते. दिवसाच्या विजेनं हजारो माणसं रात्रीच्या उसातून बाहेर येतात आणि ती जागा कुणी भरत नाही.

आणि ज्यांच्याबद्दल या सगळ्या चर्चेत कुणी बोलत नाही ती माणसं म्हणजे ऊसतोड कामगार आणि मेंढपाळ. बीड, नगर, जळगावकडून आलेली टोळी उसाच्या फडाशेजारी कोप्या उभारते. ऊसपाचटाच्या भिंती, दाराला फाटका पडदा, आत झोपलेलं तान्हं. पहाटे चारला आई-बाप फडात असतात आणि लेकरू बांधावर. मेंढपाळ बाई उघड्या रानात वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या शेजारी मुलाला कुशीत घेऊन झोपते. यांना गोठ्याचं अनुदान मिळत नाही, कारण त्यांच्या नावावर इथं सातबारा नाही. ग्रामसभेत त्यांना मत नाही. कारखान्यांनी टोळ्यांसाठी गावाजवळ पक्क्या निवाऱ्याची, उजेडाची आणि मुलांच्या पाळणाघराची सोय करावी. ऊस तोडून नेताना जर कारखान्याला हंगामाचं वेळापत्रक आखता येतं तर हेही आखता येईल. मेंढपाळांना सौर दिवे, पक्के तंबू आणि मेंढरांच्या वाड्याभोवती लावायची हलकी सौर कुंपणं द्यावीत. वन विभागानं काही ठिकाणी असं साहित्य वाटलं आहे. ते वाटप हंगामाच्या आधी आणि प्रत्येक वाड्यापर्यंत पोहोचायला हवं.

जो बिबट्या माणसाला शिकार म्हणून धरायला लागला आहे त्याला पकडावं लागतं, कधी मारावंही लागतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच त्याची तरतूद आहे आणि ती वापरताना उशीर करू नये. उशीर झाला की लोकांचा संताप दिसेल त्या बिबट्यावर निघतो, विषाची मढी टाकली जातात, आणि त्यात तरसही मरतात, कोल्हेही मरतात आणि गावचं कुत्रंही मरतं. एका विशिष्ट जनावराबद्दलचा निर्णय आणि सगळ्या समष्टीबद्दलचं धोरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही नीट करता येतील.

वरच्या अंगाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, महादेव कोळी लोक दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरं-पोरं सांभाळ म्हणतात. मी श्रद्धेचा माणूस नाही. पण ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या या जनावराच्या शेजारी गुरं राखली त्यानं त्याला वर्षातून एकदा आठवायची तारीख ठरवून ठेवली, आणि त्या तारखेनंतर काही दिवसांतच आमच्याकडे गाळप सुरू होतं, फड तुटू लागतात, बिबटे जागा बदलतात आणि हल्ल्यांचा हंगाम लागतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या आराखड्यात या दिवसांसाठी अजून एकही ओळ नाही.

यंदा मी आणि बारावीच्या मुलांनी मिळून गावाचा एक नकाशा काढला. त्यावर पोल्ट्रीची शेडं, मढी टाकायच्या तीन जागा, उघडे गोठे, टोळ्यांच्या कोप्या, रात्रीच्या लाइटचे फिडर आणि घराला लागून असलेले उसाचे तुकडे टाकले. बिबट्याची पावलं जिथे जिथे दिसली तीही लाल खुणेनं टाकली. लाल खुणा डोंगराच्या बाजूला नव्हत्या. सगळ्यात दाट खुणा पोल्ट्रीमागच्या ओढ्यात निघाल्या. नकाशा ग्रामसभेत दिला आहे आणि सोबत तीन अर्ज: ओढ्यातल्या कचऱ्याचा, एकवीस गोठ्यांचा आणि दिवसाच्या विजेचा. पहिला मंजूर झाला. उरलेल्या दोघांसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत.